आखाजीची घागर

चौथ्या दिवशी नळ आला. बेबाबाईनं कळशी लावली, आणि कळशीत जे पडलं त्याला पाणी म्हणावं की कालचा उरलेला चहा, हेच तिला कळेना. तांबूस रंग, वर फेस, आणि वास असा की पदर आपसूक नाकाशी गेला. नळाचं पहिलं पाणी खराब येतं, हे खळवाडी गल्लीत शेंबडं पोरही सांगेल. थोडा वेळ वाहू द्यायचं, मग भरायचं. पण त्या दिवशी किती वाहिलं तरी रंग हटेना, आणि नळ जायची वेळ झाली.

"ओ माय!" बेबाबाईनं कपाळावर हात मारला. "आनि परवा मनी पोर येई राहिनी."

पोर म्हणजे कामिनी. पिंपळनेरला दिलेली. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर आता कुठे दिवस राहिले होते, सहावा सरत आला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचं आणि पहिलं बाळंतपण उरकूनच परत जायचं, असं दोन्ही घरांचं ठरलं होतं. आखाजीला लेक आली नाही तर आमच्या खानदेशात आईला घास उतरत नाही. इथे तर लेक दोन जिवांची. त्यातून ही आखाजी साधी नव्हती. दिवाळीनंतर बेबाबाईचा नवरा पितांबर झोपेतच गेला होता, आणि पितर म्हणून त्याच्या नावाची पहिली पाण्याची घागर यंदा भरायची होती.

हे गाव चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की केळीच्या बागांमधून जो रस्ता जातो, त्यावरचं. बेबाबाईच्या घरी केळी, कपाशी, दोन म्हशी, सगळं होतं. नव्हतं ते पाणी. शेतातल्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होई, तोंडात धरवत नसे. म्हणून दारात नळ आला तेव्हा पितांबरनं नळाला हार घातला होता, गल्ली हसली तरी. पुढे दर चौथ्या दिवशी खुर्ची टाकून तो नळापाशी बसायचा. कुणी विचारलं, "आबा, काय करता?" तर म्हणायचा, "पाहुणा येणार आहे." माणूस असा.

बेबाबाईची सून नूतन मात्र कपाळाला हात लावून बसणाऱ्यांतली नव्हती. जळगावात शिकलेली, जिभेला धार, आणि एकदा काही डोक्यात घेतलं की घेतलंच. तिनं घराघरातून त्या तांबड्या पाण्याची एकेक बाटली गोळा केली आणि सगळ्या ग्रामपंचायतीच्या पायरीवर ओळीनं मांडल्या. "मीटिंगला पाहुणे आले की यातलंच सरबत करा," असं सरपंचाला तोंडावर सांगितलं. बेबाबाईला आधी लाज वाटली. सूनबाई चारचौघांत बोलली म्हणून. पण दुसऱ्या दिवशी खरंच माणसं फावडी घेऊन आली, तेव्हा तिनंच त्यांना चहा केला.

खणलं तर काय, नळाची पाइपलाइन गटाराच्या पोटातून गेलेली! एका जोडाला कुणीतरी कधीकाळी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, ती कुजून गेलेली. उपकेंद्रातला आरोग्य सेवक समाधान खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्यानं गल्लीला जरा सुनावलंच. चार दिवस पाइप रिकामा असतो. नळ आला की घरोघर मोटारी लागतात. त्या नुसतं टाकीचं पाणी ओढत नाहीत, भेगांतून गटारही ओढतात. एक जोड सापडला, असे आणखी किती असतील देव जाणे. मोटारी बंद करा, टाकी धुवायला लावा, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्या.

"करू की," गल्ली एका सुरात म्हणाली. गल्लीला म्हणायला काय जातं!

पाइप बदलला आणि पुढच्या पाळीला नळाला पाणी आलं ते कसं? काचेसारखं. ना रंग, ना वास. बायांनी एकमेकींना हाका मारून दाखवलं. बेबाबाईनं ओंजळीत घेऊन उन्हात धरलं, हाताच्या रेषा मोजून घ्याव्या इतकं नितळ. तिला वाटलं, धनी असते तर आज पुन्हा हार घातला असता. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पहिल्या घरात मोटार घुरघुरली, मग दुसऱ्या, मग सगळ्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

समाधान दारावरून जाताना थांबला. "अक्का, घरात गरोदर बाई आहे ना तुमच्या? रंगावर जाऊ नका. गाळ डोळ्यांना दिसतो, बाकीचं दिसत नाही. गरोदरपणात कावीळ झाली तर फार वाईट. तिला उकळल्याशिवाय थेंब देऊ नका."

हे मात्र बेबाबाईनं पदराला गाठ मारून ठेवलं. लेकीच्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. त्या दिवसापासून गॅसवर एक मोठं पातेलं फक्त तिच्या पाण्याचं. खळखळ उकळायचं, पांढऱ्या फडक्यानं झाकायचं, स्टीलच्या कळशीत गाळून ठेवायचं. त्या कळशीला दुसऱ्या कुणी हात लावला तर बेबाबाई अंगावर यायची. हितेंद्र, तिचा मुलगा, एकदा शेतातून तहानलेला आला आणि त्यानं त्यातला पेला घेतला, तर म्हणाली, "तुले काय पोर व्हनार शे का रे?"

पण चैत्र-वैशाखातला खानदेश. पंखा गरम हवा फेकतो, भिंतीला पाठ टेकवत नाही. त्यात स्टीलच्या कळशीतलं उकळलेलं पाणी दिवसभर कोमटच राहायचं. घरातलं जुनं मडकं झिरपेनासं झालं होतं, आणि नवं घ्यायचं ते आखाजीलाच, आधी नाही, ही घराची रीत.

"माय, हाई पानी कोमट शे," कामिनी रोज कुरकुरायची. "कितलंबी पी, तहानच जास नही."

"थांब, आखाजी येऊ दे," बेबाबाई तिच्या सुजलेल्या पायांवर हात फिरवत म्हणायची. "नवी घागर येईल."

आखाजीच्या आदल्या दिवशी कुंभाराकडून घागर आली. लाल, टिचकी मारली की खणकन वाजणारी. त्याच सकाळी नळाची पाळी होती, म्हणजे देवानंच योग आणला असं बेबाबाईला वाटलं. नूतननं मात्र गॅसवर दुसरं पातेलं चढवलं होतं.

"हे काय?"

"घागरीसाठी पाणी, आई. उकळून थंड करते. उद्या त्यातलंच सगळे पितील ना."

बेबाबाईचं डोकंच फिरलं. "पितरेसले उकाळेल पानी देतस का कोन्ही? शिजवलेलं पाणी म्हणजे उष्टं झालं ते! आयुष्यभर ज्या नळाची वाट बघत बसला माणूस, त्या नळाचं ताजं पाणी त्याला पहिल्या घागरीत मिळू नये? तुझ्या बापाची घागर भरशील ना, तेव्हा भर उकळून."

बोलणं जिव्हारी लागण्यासारखंच होतं. नूतनचे वडील जिवंत होते. तिनं गॅस बंद केला. पातेलं तसंच राहिलं आणि ती पाठ फिरवून पुरणाला लागली.

बेबाबाईनं स्वतः घागर नळाखाली धरली. चौपदरी फडकं लावून, वरून तुरटीचा खडा फिरवून. तिच्या परीनं तिनं काही कमी केलं नव्हतं, हे कुणीही मान्य करेल. दुसऱ्या दिवशी देवघरासमोर ओल्या वाळूवर घागर मांडली. वर लोटा, लोट्यावर डांगर, म्हणजे खरबूज, घागरीच्या गळ्याला सूत. हितेंद्रनं बापाचं नाव घेऊन पाणी सोडलं, गोवरीच्या निखाऱ्यांवर पितरांचा घास, आगारी, टाकली, तूप पडताच धूर उठला. खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या. बाहेर लिंबाला पोरींचे झोके. कामिनीला झोक्यावर बसू देत नव्हते म्हणून ती उंबऱ्यात बसून बघत होती. बापाची लाडकी, फोटोकडे बघितलं की डोळे भरायचे तिचे.

आमच्याकडे घागरीचं पाणी आधी लेकीला द्यायचं असतं. बापानं पिऊन उरलेलं म्हणून. बेबाबाईनं डांगर उतरवलं, लोटा बुडवला, पेला भरला. पेल्याला बाहेरून दव आलं.

तिच्या मनात आलं नाही असं नाही. क्षणभर आलं. कळशीकडे नजर गेलीही. पण पाणी काचेसारखं होतं, तुरटी फिरवलेली, देवासमोर ठेवलेलं, आणि लेक रडवेली. एका पेल्यानं काय होतंय!

"ले माय," ती म्हणाली. "तुना बापनं पानी शे. गार शे."

कामिनीनं एका दमात पेला संपवला. डोळे मिटून, मान मागे टाकून. "आई गं," ती हसली, "आत्ता तहान गेली." आणि पेला पुढे केला. बेबाबाईनं आणखी दिलं.

एकदा दिलं की मग काय? दुसऱ्या दिवशी कामिनीनं आपल्या हातानं घेतलं. घागर संपली की नळाच्या पाण्यानं पुन्हा भरत होती. पातेलं उकळत होतं, कळशीही भरत होती. पण कळशीतलं पाणी आता तसंच राहायचं आणि बेबाबाई संध्याकाळी ते तुळशीला घालायची. नूतननं दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा बोलली नाही. तपासणीचा निकाल आला तो 'पिण्यास अयोग्य'. समाधान घरोघर सांगत आला तेव्हा बेबाबाईनं घागर मोरीत उपडी केली आणि त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांचं पाणी उकळलेलं, फक्त म्हशी सोडून. आठ-पंधरा दिवस कुणाला काही झालं नाही. तिनं मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलला आणि विसरली.

मृगाच्या आसपास हितेंद्रचे डोळे पिवळे झाले. अन्न नको, उलट्या. शेजारणींनी कुणी माळ बांधणारा सांगितला, कुणी नाकात औषध टाकणारा. नूतननं सगळ्यांना वाटेला लावून त्याला दवाखान्यात नेलं, आणि आठवडाभरात तो भाकरी मागू लागला. बेबाबाईचा जीव भांड्यात पडला. तोच एके सकाळी कामिनी तोंड धुऊन आरशापाशी गेली आणि तिथूनच हाक मारली.

"माय, मना डोया दख बरं."

डोळे हळदीसारखे होते.

नूतननं एक मिनिट घालवलं नाही. गाडी केली, चोपड्याला दाखवलं, तिथून त्यांनी लगेच जळगावला पाठवलं. रस्त्यात कामिनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि एकच विचारत होती, बाळाला काही होणार नाही ना? बेबाबाई म्हणत होती, काही नाही गं, हितेंद्रला नाही का उतरली? ती तसं मानतही होती. जी कावीळ भावाला आठवड्यात सोडते तीच दोन जिवांच्या बाईला धरून ठेवते, हे तिला समाधाननं सांगितलेलं होतं. पण त्या घडीला तिला ते आठवायचं नव्हतं.

कामिनीचा नवरा प्रेमराज पिंपळनेरहून धावत आला, सोबत त्याची आई कमलबाई. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन बोलल्या. लिव्हरवर गेलंय, रक्त गोठत नाहीये, बाळ आजच काढावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पीत होत्या?"

"उकळून," बेबाबाई चटकन म्हणाली. "उकळूनच दिलं, बाई. वेगळी कळशी होती तिची."

"मग बाहेर कुठे प्यायल्या असतील. आज नाही, महिना-सव्वा महिना मागे. हा आजार अंगात तेवढा मुरतो आणि मग दिसतो."

महिना-सव्वा महिना. बेबाबाईची बोटं पदराखाली पेरांवर मागे मागे गेली आणि एका जागी थांबली. दव आलेला पेला तिला समोर दिसला. मान वर केली तर नूतन तिच्याकडेच बघत होती, आणि तिनंही तोच हिशेब केला होता. नूतन काहीही बोलू शकली असती. तिला तसा हक्क होता. पण ती जवळ आली, सासूला खांद्याला धरून बाकावर बसवलं, आणि बाटलीतलं पाणी पुढे केलं. बेबाबाईनं बाटली दूर सारली.

मुलगी झाली. कमी दिवसांची, मांजराच्या पिलाएवढी, पण रडली. कामिनीनं तिला बघितलं नाही. ती शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

नशिबाला बोल लावायला सगळे मोकळे होते, आणि सगळ्यांनी लावला. पिंपळनेरच्या घरी तेराव्याला कमलबाई बेबाबाईच्या गळ्यात पडून रडली. "तुम्ही तं तळहातना फोडसारखी जपी, विहीणबाई. उकाळेल पानी पाजं. नशीबच खोटं आपलं." बेबाबाईला तिथेच सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण प्रेमराज समोर बसला होता, मांडीवर ती चिमणी, आणि पोरगा रिकाम्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत होता. तिच्यानं बोलवलं नाही. पुढे पंधरा दिवसांनी फोन, महिन्यानं भेट. नातीचं नाव भाविका ठेवलं. प्रेमराज दर वेळी पोर आजीच्या मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "आई, तुमचा वास ओळखते ही." बेबाबाई त्या मांडीवरच्या ओझ्यासाठी जगत होती म्हटलं तरी चालेल. आणि तेच ओझं तिला जाळत होतं.

गल्लीत पुढे टाकी धुतली, सगळी लाइन बदलली. नूतननं त्या बाटल्यांसारखंच पुन्हा पुन्हा जाऊन ते करून घेतलं. मोटारी? एक मेलेली पोर बघून पाच-सहा घरांनी काढल्या. बाकीच्या घुरघुरतात अजून.

वर्ष फिरलं आणि आखाजी आली.

लग्न झालेल्या लेकीची घागर माहेरी भरत नाहीत. ती सासरची, तिचं पाणी सासरच्या उंबऱ्यावर. म्हणून यंदाही बेबाबाईच्या देवघरासमोर एकच घागर होती, पितांबरची. नूतननं न विचारता आदल्या दिवशी पाणी उकळून ठेवलं होतं, आणि बेबाबाईनं न बोलता ते घागरीत ओतलं. डांगर ठेवताना तिचा हात थांबला. पिंपळनेरलाही आत्ता हेच चाललं असेल. कामिनीची पहिली घागर. कमलबाई ती भरत असेल, आणि नंतर त्यातलं पाणी आधी लेकीला देतील. कामिनीची लेक. भाविका. दहा-अकरा महिन्यांची, आता धरून उभी राहते, दिसेल ते तोंडात घालते.

बेबाबाई उठली. हितेंद्रचा फोन घेऊन ओसरीवर गेली.

"विहीणबाई, घागर भरी का?"

"भरी ना. आत्तेच मांडी." कमलबाईचा आवाज ओला होता. मागे पोर काहीतरी वाजवत होती.

"उकाळेल पानीनी भरी का?"

कमलबाईला कळेना. "जी गई तिले आते काय उकाळेल आनि काय कच्चं?"

"तिच्यासाठी नाही हो. पोरीला द्याल ना त्यातलं?"

"देसुत ना. पहिलं पानी तिलेच." कमलबाई जराशी दुखावली. "तशी काळजी करू नका. आमनं पानी काचसारखं शे."

आत हितेंद्र आगारीसाठी गोवऱ्या पेटवत होता. धूर बाहेर येत होता. ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. पिंपळनेरचं पाणी खरंच चांगलं असेल. एका पेल्यानं काय होतंय?

"मनंबी काचसारखंच व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"घागरीचं. गेल्या आखाजीला. मी कच्चं पाणी भरलं होतं, विहीणबाई. सून नको म्हणत होती. मी माझ्या हातानं कामिनीला पाजलं. बापाचं पाणी म्हणून. एक पेला मागितला, मी दोन दिले. डॉक्टरणीला मी खोटं सांगितलं. तुम्हालाही."

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, बंद केल्याचा नाही. दुरून कमलबाईची हाक ऐकू आली, फाटलेली, "प्रेमराज! ती घागर उचल! अंगणात वती दे, बठ्ठी!" काहीतरी सरकलं, भांडं पडलं, पोर दचकून रडायला लागली. आणि मग अंगणातल्या फरशीवर पाणी पडल्याचा आवाज, भळभळ, बराच वेळ. बेबाबाईनं फोन कानाशी घट्ट धरून तो शेवटपर्यंत ऐकला.

फोन पुन्हा कुणीतरी उचलला. कमलबाई होती. तिचा आवाज आता ओला नव्हता.

"आते परत फोन करू नका," ती म्हणाली. "आनि पोरले दखाले येऊ नका."

फोन बंद झाला. आतून नूतननं हाक मारली, घास टाकायची वेळ झाली म्हणून. बेबाबाईनं डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली.